पावसाळ्यात घराबाहेर: बीडच्या वाटांवरून एक इतिहास



मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांचा निरोप आला. घरात दोन मुलं, आजी आणि ते दोघं. पावसाळ्यात चार-पाच दिवसांची सुट्टी जुळतेय, मुलांना काहीतरी साहसाचं हवंय, कोकणात आणि घाटात गर्दी फार. "तुम्ही इतिहासवाले, एखादी वेगळी जागा सुचवा." आम्ही एका शब्दात उत्तर दिलं: बीड. त्यावर त्यांनी विचारलं, "बीड? पाऊस बघायला?"

प्रश्न बरोबरच होता. बीड म्हटलं की आपल्याला टँकर आठवतो, ऊसतोड आठवते. धबधबा आठवत नाही. पण त्या निमित्तानं आम्ही जरा मागे गेलो आणि लक्षात आलं, की पावसाळ्यात सहकुटुंब मजेसाठी बाहेर पडायचं ही कल्पनाच आपल्याकडे फार नवी आहे. शेकडो वर्षं आपली माणसं या दिवसांत घरी बसत होती. का बसत होती? आणि जी बसत नव्हती, ती कशी निघत होती? आज त्याबद्दल बोलू. शेवटी त्या कुटुंबाची सहलही आखून देऊ.

सुरुवात जुन्या नियमापासून. बौद्ध भिक्खूंना पावसाळ्याचे तीन महिने एका जागी राहण्याचा नियम आहे, त्याला वर्षावास म्हणतात. त्याचं कारण विनयग्रंथात आलंय आणि ते अगदी व्यवहाराचं आहे. भिक्खू पावसात फिरतात, कोवळी हिरवळ तुडवतात, बारीक जीवजंतू चिरडतात, अशी लोकांची तक्रार होती. जैन साधू-साध्वी आजही चातुर्मासात एका गावी राहतात. आपल्याकडे आषाढी एकादशी ते कार्तिकी एकादशी हा चातुर्मास. त्यातले नेम, उपास, पोथ्या आपल्याला ठाऊक आहेत. पण त्यामागे एक साधी गोष्ट आहे: रस्ता नव्हता.

रस्ता नव्हता म्हणजे काय, हे बीडकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. आपली काळी माती. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि पाऊस पडला की ती फुगते, चिकटते. बैलगाडीचं चाक रुतलं की बैल बसतात. पायी माणसाच्या वहाणेला एवढा चिखल लागतो की शेवटी वहाण हातात घ्यावी लागते. दुसरी अडचण नद्यांची. गोदावरी, सिंदफणा, मांजरा यांवर पूल नव्हते. नदी ओलांडायची ती उतार बघून. उतार म्हणजे जिथून चालत पलीकडे जाता येतं ती जागा. पाणी वाढलं की उतार मोडतो. मग नाव असेल तर नाव, नाहीतर भोपळे बांधून केलेली सांगड. गुऱ्हाळाच्या काहिलीत बसून नदी ओलांडलेली माणसं तर आमच्या आधीच्या पिढीपर्यंत होती.

फौजांचाही हाच हिशेब. दसऱ्याला सीमोल्लंघन करायचं, मोहिमेवर जायचं आणि पावसाच्या आत परतायचं. मोहीम लांबली तर पावसाळ्यात एका ठिकाणी तळ टाकायचा. त्या तळाला शब्द होता, छावणी. जुन्या पत्रांत "अमुक ठिकाणी छावणी केली" असं येतं तेव्हा त्याचा अर्थ पुष्कळदा पावसाळा तिथं काढला, असा असतो. आता गंमत बघा. आज बीडमध्ये छावणी म्हटलं की काय डोळ्यांसमोर येतं? दुष्काळात जनावरांसाठी उघडलेली चारा छावणी. पाऊस फार म्हणून थांबायची जागा, ती पाऊस नाही म्हणून थांबायची जागा झाली. एका शब्दात जिल्ह्याचा इतिहास आला.

अर्थात, नियम मोडणारेही होते. जुलै १६६० मध्ये शिवाजी महाराज पन्हाळ्याच्या वेढ्यातून विशाळगडाकडे निघाले ते भर पावसात. आज त्या वाटेवर दरवर्षी पावसाळी पदभ्रमंती होते, शाळकरी मुलंही चालतात. पण ती वाट तेव्हा जिवावरची होती. शत्रूला वाटणार नाही अशा वेळी निघायचं, एवढाच पावसाचा उपयोग होता.

आणि दुसरी गोष्ट तर बीड जिल्ह्यातलीच. गेवराई तालुक्यात, गोदावरीच्या काठी राक्षसभुवन आहे. शनीचं स्थान म्हणून तुम्ही नाव ऐकलं असेल. साल १७६३. पानिपतला अडीच वर्षं झाली होती, पुण्यात माधवराव पेशवे होते, वय अवघं १८. त्याच वर्षी निजामाच्या फौजेनं पुणं लुटलं, जाळलं. मराठ्यांनी निजामाच्या मुलखात घुसून उत्तर दिलं. पावसाळा लागला तसा निजामअली औरंगाबादेकडे निघाला. वाटेत गोदावरी. निजाम स्वतः बरीच फौज घेऊन उत्तर तीरावर गेला. दिवाण विठ्ठल सुंदर उरलेली फौज घेऊन दक्षिण तीरावर, राक्षसभुवनाजवळ राहिला. १० ऑगस्टला माधवराव आणि राघोबादादा यांनी त्याला गाठलं. मोठी लढाई झाली, विठ्ठल सुंदर मारला गेला. आणि निजाम? तो पलीकडे होता. नदीला पाणी इतकं, की त्याला मदतीला येता आलं नाही.

लढाईचा राजकीय परिणाम पुस्तकांत आहे. आज आम्हाला त्यातली एवढीच गोष्ट सांगायची आहे: पावसाळ्यात सोबतची माणसं नदीच्या दोन काठांवर विभागली गेली, की ताकद कितीही असो, उपयोग होत नाही. हे आम्ही सहलीबद्दल बोलतोय, विसरू नका. आज काय होतं? ओढ्यावरून पाणी जात असतं. वडील म्हणतात, "आधी मी जाऊन बघतो." ते पलीकडे पोचतात, पाणी वाढतं, मुलं अलीकडे. सगळ्यांचा धीर सुटतो आणि मग कोणीतरी नको तो निर्णय घेतं. जायचं तर सगळ्यांनी, नाहीतर कोणीच नाही.

आता तिसरी माणसं. यांनी पावसाळ्यातला प्रवास कधी सोडलाच नाही, आणि त्यात लेकीसुनांसह, म्हाताऱ्यांसह घरंच्या घरं निघत आली. वारी. बीड जिल्ह्याचं वारीत मोठं स्थान आहे. मुक्ताईनगरहून मुक्ताबाईंची पालखी येते ती बीडवरून. पैठणहून नाथांची पालखी शिरूर कासार, पाटोदा भागातून जाते. शेगावहून गजानन महाराजांची पालखी परळी, अंबाजोगाई करत पुढे जाते. महिना-महिना चालणारी माणसं, वर आषाढाचा पाऊस. वारीची भक्ती आपण नेहमी सांगतो. तिची आखणी मात्र कोणी फारशी सांगत नाही.

मुक्काम ठरलेले असतात आणि ते वर्षानुवर्षं तेच असतात. दोन मुक्कामांतलं अंतर म्हातारं माणूस चालू शकेल एवढं. मध्ये विसावा. दिंडीत नाव नोंदवायचं, जेवणाची भिशी भरायची. सामानाचा ट्रक पुढे जातो, माणूस पोचतो तेव्हा राहुटी उभी असते. अंगावर घोंगडी किंवा इरलं, हल्ली प्लास्टिकचा कागद. एकटं कोणी मागे राहत नाही, कारण रांगेत आपल्या पुढचा-मागचा माणूस ओळखीचा असतो. मोठ्या गावी पालखीचा मुक्काम एक रात्र जास्त असतो, म्हणजे दुखऱ्या पायांना आराम आणि ओल्या कपड्यांना ऊन. आम्हाला विचाराल, तर पावसात सहकुटुंब प्रवास कसा करावा याचं याहून चांगलं पाठ्यपुस्तक नाही.

मग मजा म्हणून पावसात जाणं कधी सुरू झालं? इंग्रजांनी केलं असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. महाबळेश्वर वसलं १८२८-२९ च्या सुमारास, पण ते उन्हाळ्यासाठी. पाऊस जवळ आला की साहेबमंडळी खाली उतरायची, बंगल्यांच्या भिंतींना गवताचे झड बांधून ठेवायची. मुंबई सरकार पावसाळ्यात पुण्याला यायचं, कारण पुण्यात पाऊस बेताचा. म्हणजे साहेबही पावसापासून पळतच होता. पावसात मुद्दाम जायचं हे आपल्याकडे रुजलं ते स्वातंत्र्यानंतर: गिर्यारोहणाच्या संस्था, एसटीचं जाळं, मग दुचाकी, मग घरोघरी चारचाकी. गेल्या तीसेक वर्षांत तर 'वर्षासहल' हा शब्द घरातला झाला.

रस्ता झाला, गाडी आली, पूल झाले. पण नदी तीच राहिली. जून २०२४ च्या अखेरीस लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एका कुटुंबातली माणसं पाण्यात उभी होती. पाणी वाढलं. एकमेकांना धरून ती उभी राहिली आणि वाहून गेली. पाच जण गेले, त्यांत लहान मुलं होती. ते चित्रण आपल्यापैकी अनेकांनी पाहिलंय. ती माणसं बेफिकीर होती असं म्हणून आपण मोकळे होतो. आम्हाला तसं वाटत नाही. जी माहिती आपल्या आजोबांना ओढ्याकाठी राहून आपोआप मिळत होती, ती आपल्याकडे आता नाही. चार महिने घरी बसणाऱ्या पिढ्यांना पाणी ओळखता येत होतं. आपण बाहेर पडायला शिकलो, आणि ओळख तेवढी विसरलो.

आमचा अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी पाटोदा भागात आम्ही घरच्यांसह फिरत होतो. एका ओढ्याच्या फरशीवरून पाणी जात होतं, घोट्याएवढं असेल. समोरून एक दुचाकी आरामात आली. आम्ही गाडी घालणार तेवढ्यात कडेला बसलेले एक बाबा म्हणाले, "लेकरं हायेत ना संगं? मग बसा घडीभर." त्यांनी पाण्याच्या कडेला एक काडी रोवली. "पाणी काडीच्या खाली गेलं तर जा, वर आलं तर माघारी फिरा." आमच्या डोक्यावर तर ऊन होतं. पण वीस मिनिटांत काडी दिसेनाशी झाली. वर डोंगरात कुठंतरी पाऊस पडून गेला होता. आम्ही माघारी फिरलो. मुलं रुसली. आज मात्र तीच मुलं हा किस्सा सगळ्यांना सांगतात.

आता बीड. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला हा जिल्हा, वर्षाचा पाऊस सरासरी साडेसहाशे-सातशे मिलिमीटरच्या घरात. आंबोलीला एखाद्या पावसाळ्यात याच्या दहापट पडतो. मधून बालाघाटची रांग गेलीय. पाऊस कमी म्हणून तो निरुपद्रवी, असं समजू नका. जुलै १९८९ मध्ये याच बीड शहरात बिंदुसरेला पूर आला आणि वस्त्याच्या वस्त्या वाहून गेल्या, पुष्कळ माणसं दगावली. एरवी बिंदुसरा बघाल तर म्हणाल, ही कसली नदी! उथळ माती, उघडे डोंगर, त्यामुळे पाणी मुरत नाही, एकदम खाली येतं. सप्टेंबर २०२५ मध्येही मराठवाड्यानं तेच पाहिलं. उलट टोक बघायचं तर २०१५ साली पाण्याअभावी परळीचं औष्णिक वीज केंद्र बंद ठेवावं लागलं होतं. एकच जिल्हा, दोन्ही टोकं.

म्हणून इथं पाण्याची किंमत लोकांना फार आधीपासून कळली. बीड शहराजवळची खजाना विहीर १५८० च्या दशकातली, निजामशाहीतल्या सलाबतखानाच्या काळातली. राजा भास्कर नावाच्या जाणकारानं ती बांधली असं सांगतात. जमिनीखालच्या बोगद्यांतून विहिरीत पाणी येतं आणि मोट न लावता, नुसत्या उतारानं, बोगद्यातूनच शेतांकडे जातं. शहरातलं कंकालेश्वराचं मंदिर तर पाण्याच्या कुंडात उभं आहे. ही ठिकाणं उन्हाळ्यात पाहिली तर नुसते दगड दिसतात. पावसाळ्यात पाहिली की कळतं, बांधणाऱ्यानं काय विचार केला होता.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. प्रवास हा शब्द बीडच्या लाखो माणसांसाठी सहलीचा नाही. दसरा-दिवाळीच्या सुमाराला मुकादमाची उचल घेतलेल्या जोड्या ऊसतोडीला निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. पश्चिम महाराष्ट्र, कर्नाटक. फडाजवळ कोप्या घालून राहायचं ते हंगाम संपेपर्यंत. लहान मुलं बरोबर, शाळेतली आजीआजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात. म्हणजे आपले पूर्वज पावसाळ्यात घरी आणि दसऱ्याला मोहिमेवर, तेच चक्र इथं आजही चालू आहे, फक्त मोहीम पोटाची आहे. पावसाळा हाच या घरांचा एकत्र असण्याचा काळ. पेरणी, खुरपणी, पंचमी, पोळा, सगळं याच दिवसांत. तुम्ही जाल तेव्हा हे लक्षात असू द्या. तुमच्या मुलांना दाखवायची ही जागा आहेच, पण कोणाचा तरी हा वर्षातला घरी असायचा वेळ आहे. उभ्या पिकात फोटोसाठी शिरू नका. वर्षावासाचं कारण आठवा: पीक तुडवलं जातं.

तर आता त्या श्रोत्यांची सहल.

आधी महिना. मराठवाड्यात जून बेभरवशाचा. मृगात पेरणी होते, पुढे उघडीपही पडते. पाणी खरं वाहायला लागतं ते ऑगस्टच्या उत्तरार्धापासून. उत्तरा, हस्त ही नक्षत्रं इकडं मोठी मानतात, म्हणजे सप्टेंबर. गणपती झाल्यावर जा. डोंगर हिरवे, तलाव भरलेले. मात्र याच दिवसांत दुपारनंतर विजा होतात. हिंडणं सकाळी उरका, आणि गडगडाट ऐकू आला की झाडाखाली उभं राहू नका.

पहिला दिवस बीड शहराचा. कंकालेश्वर, खजाना विहीर. मुलांना एक गोष्ट सांगा: दिल्लीचा सुलतान मुहम्मद तुघलक या भागातून जाताना त्याचा दात पडला आणि त्यानं त्या दाताची कबर बांधली, असं फिरिश्ता लिहितो. मुलांना बाकी इतिहास आठवणार नाही, दात आठवेल.

दुसरा दिवस कपिलधारचा. मांजरसुंब्याकडे, डोंगराच्या कुशीत. मन्मथस्वामींची समाधी, शेजारी धबधबा. वीरशैव समाजाचं मोठं तीर्थ आहे, तेव्हा कपडे आणि आवाज दोन्ही सांभाळून. जाता-येता पालीजवळ बिंदुसरेचा तलाव दिसतो. तिथं थांबून मुलांना १९८९ ची गोष्ट सांगा.

तिसरा दिवस पाटोद्याचा. सकाळी नायगावचं मयूर अभयारण्य. पावसात मोराचा आवाज ऐकणं हेच मोठं सुख. मग सौताडा. विंचरणा नदी इथं कड्यावरून खोल दरीत उडी घेते, खाली रामेश्वराचं मंदिर आहे. आजीला वरूनच दाखवा, सुंदर दिसतं. खाली उतरायचं तर पाऊस थांबलेला हवा, पायऱ्यांवर शेवाळ असतं. आणि धबधब्याच्या डोहात उतरायचं नाही. पाणी गढूळ झालं, पालापाचोळा वाहून येऊ लागला, आवाज वाढला, यातलं एक जरी दिसलं तरी वर यायचं. त्यावर चर्चा नाही.

चौथा दिवस मोकळा. हा आम्ही वारीकडून घेतलाय. पाऊस फार झाला तर याच दिवशी राहिलेलं बघता येतं, नाहीतर आराम. निम्म्या सहली बिघडतात त्या "आजच बघायला हवं" या घाईनं.

पाचवा अंबाजोगाईचा. योगेश्वरी, दगडी हत्तींची शिवलेणी, दरीतली मुकुंदराजांची समाधी. पाय चांगले असतील तर वाटेत धारूरचा किल्ला. गवत माजलेलं असतं, बूट घाला, हातात काठी ठेवा, दगडाखाली हात घालू नका. घोणस आणि फुरसं या दिवसांत असतंच. काही झालंच तर मंत्र-तंत्रात वेळ न घालवता रुग्णालय गाठा: बीडला जिल्हा रुग्णालय आहे, अंबाजोगाईला वैद्यकीय महाविद्यालयाचं. ११२ हा क्रमांक मुलांनाही पाठ असू द्या.

राक्षसभुवन? जरूर जा, पण निघायच्या आधी जायकवाडीची चौकशी करा. पैठण वरच्या अंगाला आहे. धरणाच्या २७ दरवाजांपैकी काही उघडले तर इकडं लख्ख ऊन असताना गोदावरी वाढते. काठावर लांब उभे राहा आणि पलीकडच्या तीराकडे बघा. निजाम तिथून बघत होता.

राहायचं शहरात, जेवण मात्र जमेल तिथं गावात सांगा. आदल्या दिवशी निरोप दिला तर भाकरी, पिठलं, शेंगदाण्याची चटणी असं जेवण एखाद्या घरी मिळतं. पैसे ठरवून, न घासाघीस करता द्या. हंगामाआधीच्या दिवसांत घरात चार पैसे आले तर तेवढीच उचल कमी घ्यावी लागते. यायला-जायला आता आगगाडीही आहे. १७ सप्टेंबर २०२५ ला, मुक्तिसंग्रामदिनी, बीडहून अहिल्यानगरला गाडी सुरू झाली. पिढ्यान् पिढ्या वाट पाहिलेली गाडी आहे. मुलांना तीत बसवा.

हे सगळं आम्ही त्या श्रोत्यांना लिहून पाठवलं. त्यांचं उत्तर आलं, "यात साहस कुठे आहे?" आम्ही कळवलं, ओढ्याच्या काठी काडी रोवून वीस मिनिटं थांबून बघा, आणि गरज पडली तर मुलांसमोर माघारी फिरून बघा. ते तिकीट काढताहेत, असं परवा कळलं.

आता प्रश्न घेऊ. बीडकडचं कोणी ऐकत असेल, तर आपल्या गावच्या ओढ्याचा उतार कुठं होता आणि तो कोण सांगायचं, हे आम्हाला जरूर सांगा.